हातप्रेससाठी घरगुती वर्कबेंचची रचना : जोराच्या वाटेच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

घरातील वर्कबेंच भक्कम करावयाचा म्हणजे फळी जाड घ्यावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. बंदुकीची वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याची हातप्रेस हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे; कारण तिच्या दांड्यावर खाली आणि वर असा दोन्ही दिशांनी जोर पडतो. भारतात असे काम परवान्याशिवाय करता येत नाही. मात्र आर्बर प्रेस, व्हाइस, आयलेट प्रेस इत्यादी साधनांसाठी लागणारा बेंच याच तत्त्वांवर उभा राहतो. हाताचा जोर जमिनीपर्यंत किंवा भिंतीपर्यंत कोणत्या वाटेने जातो, यावर बेंचचा भक्कमपणा अवलंबून असतो, हे प्रस्तुत लेखात नाशिकच्या संदर्भात आणि साध्या गणिताच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : वर्कबेंच, हातप्रेस, आघूर्ण, ताठरपणा, कर्णपट्टी, भिंतीचा आधार.

१. प्रस्तावना

अमेरिकेसारख्या देशात नेमबाजीची आवड असलेली अनेक माणसे वापरलेल्या पितळी नळ्या घरीच पुन्हा भरतात. तेथे या कामाची साधने तयार करणारे उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. या छंदात प्रेसइतकेच महत्त्व ती ज्या बेंचवर बसवावयाची त्याला दिले जाते. बेंच हलला की हाताचा अंदाज चुकतो, आणि प्रत्येक नग सारखा निघेल याची खात्री राहत नाही.

भारतातील स्थिती निराळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार अशा उत्पादनासाठी परवाना आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चे उल्लंघन करून उत्पादन करणाऱ्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्फोटक द्रव्यांसाठी १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे स्फोटके नियम स्वतंत्रपणे लागू होतात. महाराष्ट्रात काडतुसांचे उत्पादन घरात होत नाही, ते कारखान्यांत होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मधील आहे. ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

असे असले तरी या बेंचच्या रचनेतील प्रश्न नाशिकच्या वाचकाला परका नाही. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती आणि ओझर येथील विमान कारखाना यांमुळे या शहरात हाताने धातुकाम जाणणारा मोठा वर्ग आहे. बेअरिंग दाबून बसवणे, पत्र्याला भोक पाडणे, चामड्यात किंवा कापडात आयलेट ठोकणे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी एखादा भाग तयार करणे ही कामे अनेक घरांत आणि महाविद्यालयांच्या छोट्या कार्यशाळांत चालतात. त्यांतील बहुतेक कामे साध्या टेबलावर होतात आणि टेबल हलते ही तक्रार सार्वत्रिक आहे. या तक्रारीचे कारण शोधणे आणि त्यावरून रचनेची सूत्रे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. जमिनीचा आधार : पारंपरिक व्यवस्था

नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही या धंद्याची नोंद आहे. तांबट जमिनीवर बसून काम करतो. ज्या लोखंडी खरवईवर तो भांडे टेकवतो ती पक्की रोवलेली असते. हातोड्याचा प्रत्येक घाव भांड्यातून खरवईत आणि खरवईतून थेट जमिनीत जातो. मध्ये पाय नाहीत, सांधे नाहीत, त्यामुळे हलण्यासारखे काही उरतच नाही.

येवल्याच्या पैठणी विणकराचा खड्डामागही याच तत्त्वावर आधारलेला आहे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि मागाचा सांगाडा जमिनीशी जखडलेला असतो. फणीचा ठोका हजारो वेळा बसला तरी माग जागचा सरकत नाही. या दोन्ही व्यवसायांत स्वतंत्र बेंच नाही, कारण बेंचचे काम भूमीच करते.

घर वरच्या मजल्यावर गेले की हा आधार तुटतो. फ्लॅटच्या फरशीत खरवई रोवता येत नाही आणि खड्डा खणता येत नाही. कारागीर उभा राहतो, काम कंबरेच्या उंचीवर येते आणि जमीन व हत्यार यांच्यामध्ये चार पायांचे टेबल येते. पूर्वी भूमीकडून आपोआप मिळणारी स्थिरता आता रचनेतून मिळवावी लागते. वर्कबेंचच्या अभ्यासाचा आरंभ या जाणिवेपासून व्हावयास हवा.

३. प्रेसमधील जोर आणि बेंचवरील जोर

हातप्रेस ही तरफेच्या तत्त्वावर चालते. दांड्यावर २५ किलो इतका जोर दिला आणि तरफेचा लाभ वीस पट असला, तर घर्षण वगळता प्रेसच्या जबड्यात सुमारे ५०० किलो इतका दाब निर्माण होतो. येथे पुष्कळांचा असा गैरसमज होतो की बेंचला अर्धा टन भार पेलावा लागतो.

वस्तुतः हा ५०० किलोचा दाब प्रेसच्या आतच फिरतो. दांडी खालून वस्तू वर ढकलते, वरचा साचा तिला अडवतो आणि साच्यावरचा जोर प्रेसच्या ओतीव चौकटीतून वळून पुन्हा खाली येतो. हे वर्तुळ चौकटीत पूर्ण होते. बेंचपर्यंत पोचतो तो केवळ प्रेसचे वजन आणि हाताचा २५ किलोचा जोर. म्हणजे प्रेसची चौकट दाबासाठी मजबूत हवी आणि बेंच हाताच्या जोरासाठी स्थिर हवा. या दोन गरजा निराळ्या आहेत. फळी तिप्पट जाड केली तरी टेबल हलायचे थांबत नाही, याचे मूळ या दोहोंच्या सरमिसळीत आहे.

हाताचा जोर लहान असला तरी तो बेंचच्या बाहेर, अंतरावर लागतो. जोर आणि अंतर यांच्या गुणाकाराला यामिकीत आघूर्ण म्हणतात. बेंचला खरे तोंड द्यावे लागते ते या आघूर्णाला.

४. बेंच उलटण्याचे गणित

उदाहरणादाखल १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० किलो वजनाचा बेंच घेऊ. त्याचे पुढचे पाय फळीच्या पुढच्या कडेशी सरळ रेषेत आहेत आणि वजनाचा मध्य पुढच्या पायांपासून ३० सेंमी मागे आहे. प्रेस पुढच्या कडेला बसवली असून दांड्याची मूठ कडेच्या ३० सेंमी बाहेर येते, असे मानू.

पहिली स्थिती : मूठ २५ किलो जोराने खाली दाबली. पुढच्या पायांभोवती उलटवणारे आघूर्ण २५ गुणिले ३०, म्हणजे ७५० किलो-सेंमी. बेंचच्या वजनाचे सावरणारे आघूर्ण ६० गुणिले ३०, म्हणजे १८०० किलो-सेंमी. बेंच सुरक्षित आहे. तोच बेंच २० किलोचा असता तर सावरणारे आघूर्ण केवळ ६०० भरले असते आणि बेंच पुढे कलला असता.

दुसरी स्थिती : मूठ जमिनीपासून १२० सेंमी उंचीवर असताना आडवी स्वतःकडे ओढली. आता १५ किलोचा जोरही १८०० किलो-सेंमी आघूर्ण देतो. ६० किलोचा बेंच येथे उलटण्याच्या सीमेवर येतो.

तिसरी स्थिती : काम साच्यात अडकले आणि मूठ वर खेचली. आता बेंच मागच्या पायांभोवती उचलला जातो. मूठ मागच्या पायांपासून ९० सेंमी दूर आहे. म्हणून अवघा २० किलोचा जोर १८०० किलो-सेंमीपर्यंत पोचतो.

या तिन्ही स्थितींची तुलना केली असता असे दिसते की खाली दाबणे हे बेंचच्या दृष्टीने सर्वांत सोपे काम आहे. आडवे ओढणे आणि वर खेचणे ही कामे खरी कसोटी पाहतात. बाजारातून टेबल घेताना त्यावर हात दाबून पाहण्याची आपली सवय या कारणास्तव अपुरी ठरते. टेबलाची कड धरून ते पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहणे ही अधिक योग्य परीक्षा होय.

५. फळीची जाडी आणि वाक

जाडीला महत्त्व नाही असे मात्र नाही. दोन टोकांवर टेकलेल्या फळीच्या मध्यभागी भार दिला असता होणारा वाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि आधारांमधील अंतराच्या घनाच्या सम प्रमाणात बदलतो. जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्शावर येतो, आणि आधारांमधील अंतर निम्मे केले तरी तोच परिणाम मिळतो.

सागवानाची १२० सेंमी अंतरावर टेकलेली, ६० सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड फळी मध्यभागी ५० किलो भाराखाली सुमारे अर्धा मिलिमीटर वाकते. तीच फळी २ सेंमी जाड असती तर वाक सुमारे साडेचार मिलिमीटर झाला असता. प्रत्यक्षात भार कडेला एका जागी पडतो, संपूर्ण रुंदी त्याला सारखी साथ देत नाही आणि वाक याहून थोडा अधिक होतो.

यातून काटकसरीचा मार्ग निघतो. संपूर्ण फळी जाड घेण्याऐवजी प्रेस पुढच्या पायाच्या लगत बसवावी आणि तेथे फळीखाली आडवी तुळई द्यावी. आधार जवळ आला की पातळ फळीही ताठ राहते. बेंचच्या मध्यावर, दोन पायांच्या दरम्यान प्रेस बसवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

प्रेसच्या बोल्टांचाही विचार आवश्यक आहे. वरील पहिल्या स्थितीत मागचे बोल्ट कडेपासून १५ सेंमी आत असतील, तर ७५० किलो-सेंमी आघूर्णामुळे त्यांवर मिळून सुमारे ५० किलोचा ओढ येतो, आणि तो प्रत्येक वेळी येतो व जातो. लाकडातील साधे स्क्रू अशा आवर्ती ओढीने हळूहळू सैल होतात. म्हणून फळीतून आरपार जाणारे बोल्ट आणि फळीखाली ५ ते ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी वापरावी. पट्टी असली की ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो आणि वॉशर लाकडात रुतत नाहीत.

६. आडवे झुलणे आणि कर्णपट्टी

चार पट्ट्या टोकांना एकेका खिळ्याने जोडून चौकोन केला तर तो सहज तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. लोखंडी पुलांच्या आणि छपरांच्या कैच्यांमध्ये हेच तत्त्व दिसते. चार पाय आणि वरची फळी एवढाच सांगाडा असलेला बेंच म्हणजे चौकोनांचा समूह होय. त्याचे झुलणे पाय जाड केल्याने फारसे थांबत नाही, कारण हालचाल पायांत नसून सांध्यांत असते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, प्रत्येक बाजूला कर्णपट्टी मारणे. दुसरा, मागच्या बाजूला १२ मिमी प्लायवूडचा सलग पत्रा चारही कडांनी स्क्रूने जखडणे. असा पत्रा म्हणजे जणू असंख्य कर्णपट्ट्या. तिसरा, पायांच्या तळाशी जमिनीपासून १५ ते २० सेंमी उंचीवर आडव्या पट्ट्या देणे, म्हणजे पायांची टोके एकमेकांशी बांधली जातात. समोरची बाजू गुडघ्यांसाठी मोकळी ठेवावी लागते. परंतु मागची आणि दोन्ही कुशीच्या बाजू पक्क्या असतील व वरची फळी एकसंध असेल, तर समोर कर्णपट्टी नसली तरी बेंच स्थिर राहतो. सुट्या भोकांच्या अँगलचे तयार रॅक भार पेलतात, पण कर्णपट्टीअभावी झुलतात, हा अनुभव या तत्त्वाशी सुसंगतच आहे.

७. भिंतीचा आधार

बेंच भिंतीला टेकवून बांधणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. दुसऱ्या स्थितीतील १८०० किलो-सेंमी आघूर्ण ८५ सेंमी उंचीवरील बोल्टांनी संपूर्णपणे पेलावयाचे ठरले, तरी त्यांवर सुमारे २१ किलोचाच ओढ येतो. बेंचचे स्वतःचे वजन हिशेबात धरले तर तोही कमी होतो. तिसऱ्या स्थितीत बेंचची वरची कड मागे सरकू पाहते आणि भिंत तिला अडवते. म्हणजे दोन्ही दिशांचा प्रश्न एकाच उपायाने सुटतो.

भिंत कशाची आहे हे मात्र पाहावे लागते. जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या जाड भिंतींत दगड-विटांच्या दर्जात जागोजागी फरक असतो. नव्या इमारतींत काँक्रीटचे खांब व तुळया आणि त्यांच्यामध्ये मातीच्या, राखेच्या किंवा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती असतात. भोकात फुगून धरणारे अँकर फास्टनर काँक्रीटमध्ये उत्तम बसतात. सच्छिद्र ठोकळ्यात त्यांची पकड कमी असते. म्हणून शक्यतो बेंच खांबालगत ठेवावा आणि बोल्ट खांबात घ्यावेत. ते शक्य नसल्यास भिंतीवर एक लांब लाकडी पट्टी चार-पाच ठिकाणी जखडून बेंच त्या पट्टीला बांधावा. भोके पाडण्यापूर्वी विजेच्या व नळाच्या वाहिन्या कोठून जातात याची खात्री करून घ्यावी.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडणे शक्य नसते. तेथे वजन हा पर्याय उरतो. ६० सेंमी लांब-रुंद आणि ३ सेंमी जाड शहाबादी फरशी सुमारे २८ किलो भरते. अशा दोन फरश्या खालच्या फळीवर ठेवल्या की ६० किलोचा बेंच ११६ किलोचा होतो. १२० बाय ६० सेंमी क्षेत्रावर हा भार दर चौरस मीटरला सुमारे १६० किलो पडतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात निवासी खोल्यांसाठी साधारणतः २०० किलो प्रति चौरस मीटर इतका वापरभार धरला आहे. तरीही असा बेंच खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवणे योग्य.

८. साहित्य, सांधे आणि उंची

पायांसाठी साग, बाभूळ किंवा लोखंडी अँगल यांपैकी काहीही चालते. बैलगाडीच्या चाकांना आणि नांगरांना वापरली जाणारी बाभूळ चिवट आहे. मात्र ती पुरेशी वाळलेली नसेल तर पिळवटते. नाशिकचा उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट असल्याने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. रुंद फळी चौकटीला जखडताना बोल्टांची काही भोके लांबट ठेवावीत, नाहीतर फळी फाटते. एका लाकडाला कूस काढून ती दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा सर्वांत चांगला. सुतारकामाची साधने नसतील तर नट-बोल्ट वापरावेत आणि ऋतुबदलानंतर ते एकदा आवळावेत. केवळ खिळ्यांवर विसंबू नये.

उंचीबाबत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिकवला जाणारा नियम सोपा आहे : व्हाइसचा जबडा उभ्या कामगाराच्या कोपराच्या उंचीवर असावा. १६० सेंमी उंचीच्या व्यक्तीचे कोपर सुमारे १०० सेंमीवर येते. व्हाइस १८ सेंमी उंच असेल तर बेंच ८२ सेंमी ठेवावा लागतो. स्वयंपाकघरातील ओट्याची उंचीही साधारण एवढीच असते. प्रेसचा दांडा मात्र खाली नेताना पाठ वाकू नये, हे पाहून तिच्याखाली स्वतंत्र ठोकळा द्यावा.

नाजूक वजनकाटा किंवा मापनाचे उपकरण प्रेसच्या बेंचवर ठेवू नये. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तराजू वेगळ्या खोलीत, दगडी फळीवर ठेवण्याची प्रथा याच कारणाने रूढ झाली आहे. घरातही असे उपकरण भिंतीवरील निराळ्या फळीवर ठेवावे, म्हणजे प्रेसचे हादरे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. उजेड डावीकडून किंवा वरून यावा, दांड्याच्या फेऱ्यात मुलांचा वावर नसावा आणि काम संपल्यावर दांडा बांधून ठेवावा.

९. निष्कर्ष

१. प्रेसमधील मोठा दाब तिच्या चौकटीतच पूर्ण होतो. बेंचवर येतो तो प्रेसचे वजन, हाताचा जोर आणि त्याचे आघूर्ण.

२. खाली दाबण्यापेक्षा आडवे ओढणे आणि वर खेचणे या क्रिया बेंचला अधिक अस्थिर करतात. म्हणून बेंचची परीक्षा त्या दिशांनी व्हावी.

३. फळीची जाडी वाढवण्यापूर्वी आधार जवळ आणावा, कर्णपट्टी द्यावी आणि बेंच भिंतीला बांधावा. खर्चाच्या दृष्टीनेही हाच क्रम योग्य आहे.

४. भिंतीचा आधार नसेल तेथे दगडी फरशीच्या वजनाने तो अंशतः भरून काढता येतो.

तांबटाची खरवई आणि विणकराचा खड्डामाग यांनी जमिनीशी जे नाते थेट जोडले होते, ते वरच्या मजल्यावरील बेंचला सांध्यांच्या, कर्णपट्ट्यांच्या आणि भिंतीतील बोल्टांच्या साहाय्याने जोडावे लागते. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आघूर्ण आणि ताठरपणा शिकवताना वर्गातील हलणारे टेबल हेच पहिले उदाहरण म्हणून घेता येईल. एक कर्णपट्टी मारण्यापूर्वीचे आणि नंतरचे टेबल त्यांनी स्वतःच्या हाताने हलवून पाहिले, तर सूत्रामागील अर्थ त्यांच्या लक्षात राहील आणि टेबलही दुरुस्त होईल.